आठ दिवस पाण्याखाली

शनिवारी सकाळी आसाराम घाटावर आला आणि बघतो तर होडी जागेवर नाही. गुरुवारी त्यानं स्वतःच्या हातानं, आत गोटे भरून, ती कमरेएवढ्या पाण्यात बुडवून ठेवली होती. आता तिथं नुसतं पाणी. होडी वर काठावर, विटांच्या थप्प्यांवर पालथी घातलेली. शेजारी जेसीबी धूर सोडत उभा, आणि भोवती अर्धं खडकथडी गाव टाळ्या वाजवतंय.

"काढली बरं का, नाना!" सरपंच आप्पासाहेब लांबूनच ओरडले. "काही काळजी करू नका. होडी वाचली!"

"वाचली म्हंजी?" आसारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला बुडवली मीच हुती!"

टाळ्या थांबल्या. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

"तुम्ही बुडवली? का पण?"

आता या माणसाला काय म्हणावं! गाव गंगेच्या काठचं. इकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पूल होईपर्यंत गावाचा बाजार, सोयरीक, शाळा, दवाखाना सगळं होडीतून चालायचं. आणि त्या गावाचा सरपंच नावाड्याला विचारतो, होडी पाण्यात कशाला ठेवली! आसारामनं कपाळावर हात मारला.

"चोवीस वर्षं झाली, पूल झाल्यापून ही होडी माझ्या गोठ्यावर पालथी पडलीय. खाली शेळ्या, वर ऊन. लाकूड वाळून आक्रसलंय. फळ्याफळ्यांत बोट जाईल अशा फटी पडल्यात. तिला पाण्याखाली ठिवायची म्हंजी लाकूड पानी पितं, फुगतं, फटी आपसूक मिटत्यात. मंग वरून काथ्या नि डांबर. आठ दिस लागत्यात. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं."

"अहो नाना, आता मस्त केमिकल मिळतं," आप्पासाहेबांचा पुतण्या करण म्हणाला. हा नगरला सावेडीत लग्नाच्या मांडवांची कामं घ्यायचा, आणि या महोत्सवाचा सगळा कारभार त्याच्याकडंच होता. "फटीत भरलं की अर्ध्या तासात दगड."

"दगुड व्हतोय म्हंतोस ना? मंग दगडासारखी बुडंल."

झालं होतं असं. आदल्या दिवशी कुणी तरी घाटावर गेलं, पाण्याखाली होडीची किनार दिसली, की काढला फोटो आणि टाकला गावाच्या ग्रुपवर. 'आपल्या गावाचा वारसा बुडाला.' खाली रडणारी तोंडं. दीडशे लोकांनी हात जोडले, कुणी श्रद्धांजली वाहिली, एकानं तर चौकशी लावा म्हणून लिहिलं. आसारामचं घर घाटापासून दोनशे पावलं. पण दीडशेतल्या एकाला तेवढं चालत येऊन विचारावंसं वाटलं नाही. सकाळी उठून थेट जेसीबीच.

या सगळ्याच्या मुळाशी होता नौका वारसा महोत्सव. आप्पासाहेबांनी कुठं तरी वाचलं की गावाला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळतो, आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. आपल्याकडं किल्ला नाही, लेणं नाही, मोठं देवस्थान नाही. मग आहे काय? होडी आहे! मग ठराव झाला, तारीख ठरली, पुढचा रविवार. नगरहून मोठ्या मॅडम पाहुण्या म्हणून येणार, शाळेतल्या पाच मुलींसोबत होडीत बसून गंगेत फेरी मारणार, वरून ड्रोन फिरणार. वेशीत फ्लेक्स लागला. त्यावर होडी होती ती कुठल्या तरी लांबच्या मुलखातली, वर घरासारखं छप्पर, खिडक्यांना पडदे. आसारामनं पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स आहे.

आणि त्याच्यासाठी कपडे आले होते. लाल टोपी, चौकड्यांचं त्रिकोणी फडकं.

"ह्ये काय हाय?" त्यानं विचारलं होतं.

"नावाड्याचा ड्रेस, नाना. पारंपरिक."

"आरं बाबा, ह्ये दर्यावरच्या कोळ्यांचं हाय. आमी गंगेचे भोई. आमी धोतरच खोचीत आलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला उघड्या मांड्यांनी गावात फिरवतो व्हय रं?"

कपडे त्यानं खुंटीला टांगले, फ्लेक्सकडं दुर्लक्ष केलं. त्याला एकाच गोष्टीची पडली होती. होडीत माणसं बसणार होती.

आसारामनं तेहतीस वर्षं होडी चालवली. पुरात चालवली, वादळात चालवली, बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, बैल नेले. त्या तेहतीस वर्षांत त्याच्या होडीतून एकही माणूस बुडालं नाही. त्याच्या बापाच्या होडीतून नाही, आज्याच्याही नाही. घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं, एवढंच होतं. आणि ते आपोआप झालेलं नव्हतं. त्यामागं एक नेम होता.

होडी काठ सोडायच्या आधी आसाराम छातीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणायचा, "लाभ!" खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तसंच. पहिलं माणूस म्हणजे नावाडी. मग बसलेल्या एकेकानं आपापला आकडा आपल्या तोंडानं सांगायचा. दोन, तीन, चार. पाटील असो की पाटी घेऊन निघालेली म्हातारी, आकडा सांगितल्याशिवाय वल्हं हलायचं नाही. पलीकडं उतरलं की पुन्हा तेच. आकडा जुळला की आसाराम म्हणायचा, "समदे आले," आणि मगच लोकांनी पाय उचलायचा.

एकदाच आकडा जुळला नव्हता. संध्याकाळच्या फेरीला पलीकडच्या शाळेतली पोरं घेऊन तो आला. चढताना सात होते, उतरताना सहापर्यंत आवाज आले आणि सातवा आलाच नाही. आसारामनं मागंपुढं न बघता गंगेत उडी घेतली. बुडी मारायची, तळ चाचपायचा, वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा बुडी. दिवस मावळायला आला, डोळे लाल झाले, नाकातून रक्त यायला लागलं. आणि काठावरच्या बोरीखालून एक दहा वर्षांचं पोरगं खिसे भरून, बोरं खात खात आलं. "नाना, काय हुडकताय?" होडी टेकल्याबरोबर आकडा न सांगताच पळालं होतं बेणं. आसारामनं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तोंडातलं बोर लांब जाऊन पडलं. आणि मग त्यालाच पोटाशी धरून तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

ते पोरगं म्हणजे हेच, आजचे सरपंच आप्पासाहेब. त्यांना आता सांगायचं की होडीला आठ दिवस द्या!

"द्या ना राव आठ दिस," आसाराम त्या शनिवारी शेवटी हात जोडून म्हणाला. "मागू काय दुसरं? परत बुडवतो. अजून येळ हाय. फकस्त हात लावू नगा."

"बरं बरं," आप्पासाहेब फोन कानाला लावत म्हणाले. "बघू."

रविवारी घाटावर स्टेजची मापं घ्यायची म्हणून कुणी हात लावू दिला नाही. सोमवारी त्यानं पलीकडच्या काठावरून जैनुद्दीनला बोलावून घेतलं. जैनुद्दीन मणियार, त्याचा जुना दोस्त. बांगड्यांची पेटी घेऊन तीस वर्षं दर आठवड्याला याच होडीतून यायचा. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून होडी ढकलत पाण्यात नेली, गोटे भरले, बुडवली. आसारामनं काठावर पाटी लावून घेतली. जैनुद्दीनच्या नातवानं लिहून दिली होती: 'होडी मुद्दाम बुडवली आहे. काढू नये.'

गुरुवारी दुपारी जेवून घाटावर गेला तर पाटी जागेवर, आणि होडी वर.

या खेपेला ती रंगवली होती. बाहेरून निळाजर्द ऑइलपेंट, चकचकीत. दोन्ही बाजूंना कमळं. पुढं नारळाएवढे दोन डोळे. आसाराम बघतच राहिला.

"पाटी वाचली न्हाई का रं?"

"वाचली ना, नाना," करण म्हणाला. त्याच्या हातात ब्रश होता आणि तोंडावर हसू. "पण शूटिंगवाले उद्या येणार. पाण्याखाली रंग कसा देणार?"

"आन् त्या रंगानं लाकडाची तोंडं बंद केलीस त्याचं काय? पानी पिऊन फुगायचं कसं तिनं? शनिवारी काढली, सोमवारी परत गेली, आज परत काढली. बुडवायची, वाळवायची, बुडवायची, वाळवायची! लाकूड हाय का पापड हाय?"

"आतून नाही रंगवली. वेळच नाही मिळाला."

"लई उपकार झाले."

तो तणतणत आप्पासाहेबांच्या दारात गेला. आप्पासाहेब पत्रिका वाटायच्या गडबडीत होते. आसारामनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फळ्या, फटी, फुगणं, आठ दिवस. आप्पासाहेब मान डोलवत होते, आणि मान डोलवता डोलवता त्यांचा अंगठा मोबाईलवर फिरत होता.

"नाना, दहा मिनिटांची फेरी," ते शेवटी म्हणाले. "काठाकाठानं. फोटो झाले की उतरायचं. एवढ्यात काय होतंय? आणि तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. करण मारेल वल्हं. तो त्या रिसॉर्टला प्लास्टिकची होडी चालवून आलाय."

झालं! आसाराम घरी आला आणि ओट्यावर बसला. नाही म्हणावं, तर करण वल्हं मारणार. हो म्हणावं, तर आपण स्वतः पोरींना फुटक्या होडीत बसवणार. दोन्हीकडून गळ्याशीच.

रंगुबाई ज्वारी निवडत होती. गेले आठ दिवस ती हेच ऐकत होती. "किती तरफडताल त्या होडीपायी? चोवीस वर्षं शेळ्यांच्या डोक्यावर हुती तवा बरी हुती."

"पोरी बसनार हायेत तिच्यात, रंगे."

"मंग सांगा ना समद्यांला."

"कुनाला सांगू? आप्पाला सांगितलं, करणला सांगितलं, मास्तरला सांगितलं, पाटी लावली. आता काय गंगेत उभं राहून बोंब मारू?"

"मारा की," रंगुबाई सूप आपटत म्हणाली. "तुमचं ऐकतंय कोन? त्यांना रीत सांगा रीत. रीत म्हनलं की मान डोलावत्यात. परवा छबूबाईनं थाप मारली का पाव्हण्यांना ओवाळायच्या आधी उंबऱ्यावर उलटी चप्पल ठिवायची रीत हाय, तर त्या करणनं तिचा व्हिडिओ काढला."

आसाराम बायकोकडं बघायला लागला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं सांगितलेलं त्यानं क्वचितच ऐकलं असेल. पण या खेपेला ऐकलं.

रविवार उजाडला. घाटावर मांडव, लाऊडस्पीकर, खुर्च्या. मुली दर्यावरच्या लुगड्यांत, डोक्यावर कागदाचे मासे भरलेल्या टोपल्या घेऊन नाचल्या. गंगेत कधी न सापडणारा पापलेट त्या टोपलीत बघून आसारामला हसावं की रडावं कळेना. त्याला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. तो धोतर खोचून आला होता. लाल टोपी तेवढी रंगुबाईच्या शेळीनं खाल्ली, असं त्यानं करणला सांगितलं. आप्पासाहेब अर्धा तास बोलले. आपल्या पूर्वजांनी पाण्याशी नातं जोडलं, म्हणाले. समोर होडी ऊन खात होती.

भाषणं चालू असताना आसाराम हळूच होडीपाशी गेला. आत वाकून बुडाच्या फळ्यांवरून हात फिरवला. बाहेरच्या रंगानं फटी झाकल्या होत्या, पण आतून नख घातलं की उजेड दिसत होता. नुसता रंगाचा पापुद्रा. पाण्याचा दाब आला की पाच मिनिटांत तो फाटणार होता.

मागं पाच मुली उभ्या होत्या. पुढं होती ती धनश्री, शेजारच्या घरातली, सातवीतली.

"नाना, आम्हाला पोहता येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "चालेल ना?"

"पाचींपैकी एकीलाबी न्हाई येत?"

पाचही जणींनी माना हलवल्या. गंगेच्या काठची पोरं! पूल झाला आणि सगळे बसमध्ये बसले, पाण्याकडं पाठ करून. आणि म्हणे नौका वारसा.

"त्ये अंगात घालायचं जाकीट आलं हुतं ना?"

"आलीत दहा," दुसरी म्हणाली. "पण करणदादा म्हणाला, फोटोत लुगडं दिसत नाही. स्टेजच्या मागं पोत्यात ठेवलीत."

आसारामनं ऐकलं आणि सरळ होऊन उभा राहिला. आता त्याच्या मनात कसलीही शंका शिल्लक नव्हती. तो तडक माईकपाशी गेला.

"मॅडम, सरपंच, एक रीत राहिली," तो म्हणाला. "होडी लई दिसांनी पाण्यात जाती तवा पहिली फेरी नावाड्यानं एकट्यानं करायची. आत गंगेतले गोटे ठिवायचे. गंगेला तिचं तिला दावायचं. मंग बाकीच्यांनी बसायचं."

अशी कुठलीही रीत नव्हती. त्याच्या बापानं ऐकली असती तर त्यालाही कानाखाली बसली असती. पण मॅडमनी हात जोडले, आणि करणचे डोळे चमकले. "ड्रोन! ड्रोन वर घ्या!" तो ओरडला.

जैनुद्दीन पुढं झाला. त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. दोघांनी मिळून गोटे भरले. एक, दोन नाही, चांगले चाळीस. होडीच्या टोकाला लांब दोर बांधला, दोराच्या दुसऱ्या टोकाला तेलाचा रिकामा पांढरा कॅन. करणनं त्याचंही जवळून शूटिंग घेतलं, पोरांनी हात लावून होडी पाण्यात ढकलली. आसाराम आत चढला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लाभ!"

दुसरं कुणी नव्हतं. आज एवढाच आकडा पुरे होता. त्यानं बांबू रोवून होडी काठापासून सोडवली.

होडीला आठ दिवस पाहिजे होते. मागून मिळत नव्हते, दोनदा दिले आणि दोनदा काढून घेतले. आता तो स्वतःच घेणार होता.

"बघा, बघा!" करण माईकवर सुरू झाला. "शेकडो वर्षांची परंपरा! हा राजबिंडा नावाडी, ही डौलदार होडी, कशी पाण्यावर तरंगतेय!"

पंचवीस-तीस हातांवर रंगाचा पापुद्रा फुटला. पहिल्यांदा घोट्याएवढं पाणी आलं. जानेवारीचं पाणी, बर्फासारखं गार. आसाराम वल्हं मारत राहिला. त्याला जायचं होतं ती जागा ठरलेली होती. धरणाच्या फुगवट्यात जुनं गाव गेलं तेव्हा जुना मारुतीचा पारही पाण्याखाली गेला होता. आज कुणाला तो कुठं आहे ते सांगता आलं नसतं. आसारामला डोळे मिटून सापडला असता. या दिवसांत त्या पारावर छातीभर पाणी असतं. त्याच्याएवढ्या उंचीच्या माणसाला तिथं उभं राहता येतं.

"नावाडी आता गंगेशी एकरूप होतोय!" करण सांगत होता. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं. "होडी कशी पाण्याला टेकलीय, बघा, जणू नमस्कार करतेय!"

"आरं, बुडतोय त्यो!" मांडवातून रंगुबाईचा आवाज आला. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती ओरडलीच. "गप की रं मेल्या, बंद कर ते!"

होडी पारावर आली आणि एका कुशीवर कलली. निळी कमळं, नारळाएवढे डोळे, सगळं गुडगुड करत खाली गेलं. खुर्च्या पडल्या, बायका किंचाळल्या, ड्रोन तेवढा वर भिरभिरत राहिला. आणि गंगेच्या मध्यावर आसाराम छातीभर पाण्यात पारावर उभा होता. त्यानं दोर ओढून बघितला, पांढरा कॅन नीट तरंगतोय याची खात्री केली आणि मग पोहायला सुरुवात केली. चौऱ्याहत्तरीचं शरीर ते, दर चार हातांनी थांबत, उताणं पडत, पुन्हा हात मारत आलं. जैनुद्दीन कमरेएवढ्या पाण्यात शिरून वाट बघत होता. त्यानं हाताला धरून वर घेतलं.

दात वाजत होते. कुणी तरी मगाचचीच शाल अंगावर टाकली. आप्पासाहेब धावत आले. तोंड लालबुंद.

"काय केलंत हे? सगळ्या जिल्ह्यासमोर! नाना, तुम्ही गावाची अब्रू घालवली! मुद्दाम केलंत ना? बोला ना, मुद्दाम ना?"

आसारामनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यानं हात छातीवर ठेवला.

"लाभ," तो म्हणाला. "समदे आले."

आप्पासाहेब गंगेकडं बघायला लागले.

मॅडम काठावर आल्या होत्या. त्यांनी पांढऱ्या कॅनकडं बघितलं, मग टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या पाच मुलींकडं.

"या मुली बसणार होत्या ना त्यात?" त्यांनी विचारलं.

करणनं माईक बंद केला.

पुढचे आठ दिवस खडकथडीत आसारामशी फारसं कुणी बोललं नाही. ग्रुपवर मात्र ढीगभर आलं. म्हातारचळ लागलाय, कुणी लिहिलं. विरोधी पार्टीनं फूस लावली, कुणी लिहिलं. पर्यटनस्थळाच्या दर्जाचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आसारामला सर्दी झाली, खोकला झाला, रंगुबाईनं काढे पाजता पाजता त्याचा उद्धार केला. पण एक गोष्ट चांगली झाली. गंगेच्या मध्यावर जेसीबी जात नाही. होडीला कुणी हात लावला नाही.

सोमवारी, नवव्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला आसाराम आणि जैनुद्दीन टायरच्या ट्यूबवर हात टाकून पारापर्यंत गेले. गोटे एकेक करून बाहेर टाकले, होडी हेलकावे देऊन अर्धी रिकामी केली, उरलेलं पाणी पत्र्याच्या डब्यानं उपसलं. काठाला आणून काथ्या-डांबर लावायची तयारी होती. पण आसारामनं आत हात फिरवला तर नख शिरेना. आतून उघडं लाकूड पोटभर पाणी प्यायलं होतं. घटकाभर दोघं म्हातारे तिच्यात नुसते बसून राहिले. बूड कोरडं ते कोरडं.

"आठ दिस," आसाराम म्हणाला. "येवढंच म्हनत हुतो मी."

"मला काय सांगतो?" जैनुद्दीन म्हणाला. "मी कुटं नाय म्हनलो?"

घाटावर दप्तरं घेऊन मुली उभ्या होत्या. धनश्रीनं विचारलं, बसू का. आसाराम म्हणाला, आधी पोत्यातली जाकिटं आणा. त्या पळत गेल्या आणि नारिंगी जाकिटं घालून आल्या. जैनुद्दीन खाली उतरला. मुली एकेक करून चढल्या, मांड्या घालून बसल्या. धनश्रीला आईकडून सगळं ऐकून ठाऊक होतं, तिनं बाकीच्यांना कुजबुजून सांगितलं.

आसाराम बांबू हातात घेऊन पुढं उभा राहिला, काठाकडं पाठ करून. होडी मागून जराशी दबली. कुणी तरी चढलं होतं. त्यानं वळून बघितलं नाही. छातीवर हात ठेवला.

"लाभ!"

"दोन," धनश्री म्हणाली.

"तीन."

"चार."

"पाच."

"सहा," पाचवीतली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली.

मुलींचे आकडे संपले. आसारामनं बांबू रोवला नाही. वाट बघत राहिला. मागं कुणी तरी घसा खाकरला.

"सात," आप्पासाहेब म्हणाले.

"मोठ्यानं बोल," आसाराम तसाच पुढं बघत खेकसला. "मागच्या खेपेलाबी ऐकू आलं न्हवतं."